गरज : नगण्य

मी तेहतीस वर्षं लोकांची वीज घालवायचं काम केलं.

हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण काम एवढंच. विजेची मागणी जास्त आणि पुरवठा कमी झाला, की कोणत्या गावाला किती तास अंधारात बसवायचं याचा तक्ता माझ्या टेबलावर तयार व्हायचा. तक्ता न्याय्य असायचा. म्हणजे ज्या गावातून शिव्या कमी यायच्या, त्या गावाची वीज आधी जायची. असा लेखी नियम कुठे नव्हता. पण टेबलावर फोनही होता, आणि मीही माणूसच होतो.

निवृत्त झाल्यावर मी आणि हेमलता भुसावळला घर बांधून राहिलो. लवकरच माझी मोठी बहीण, आक्का, आठ दिवसांसाठी राहायला आली. त्याला आता सहा वर्षं झाली.

ही हकिगत २०४३ च्या मे महिन्यातली आहे. त्या वर्षी पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरला की लोक एकमेकांना 'आज बरं आहे' म्हणायचे. माणसांचं एक वेळ चालून जायचं, ट्रान्सफॉर्मरचं चालेना. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असतं. आतल्या तारांची वेटोळी तापतात, तेल ती उष्णता घेतं आणि बाहेरच्या हवेला देतं. पण बाहेरची हवाच तापून बसली असेल तर ती घेणार कशी? मग तेल उकळायला लागतं आणि एक दिवस ट्रान्सफॉर्मर फुटतो. तसे पुष्कळ फुटल्यावर सरकारनं दुपारी बारा ते चार सगळ्या वस्त्यांचा पुरवठा थांबवायला सुरुवात केली. त्याला सरकारी भाषेत 'शीतलीकरण काळ' म्हणायचे. खानदेशात दुपारी माणसं झोपतातच. आता ट्रान्सफॉर्मरही झोपू लागले, एवढंच.

त्यामुळे घरोघरी जनरेटर आले. पूर्वीचे धूर सोडणारे, दोरी ओढून चालू करायचे नव्हेत. हे घरामागे कपाटासारखे उभे असतात आणि नळातून येणाऱ्या गॅसवर चालतात. आमच्याकडचा गॅस केळीचा. घड कापल्यावर केळीचा खांब शेतात तसाच उभा राहतो. तो कापून, कुजवून त्यातून गॅस काढायचा कारखाना रावेर रस्त्यावर निघाला होता, आणि तिथून शहरभर नळ टाकलेले होते.

असा जनरेटर काय करतो, ते एकदा सांगून टाकतो. त्याचा एक डोळा सतत बाहेरच्या विजेवर असतो. वीज गेली की तो दोन-तीन सेकंद थांबतो. नुसती पापणी लवली असेल तर उगाच धावपळ नको. मग इंजिन सुरू करतो, फेरे ठरल्या वेगावर आणतो आणि एक जाड खटका उलटवतो. खटका उलटला की घर बाहेरच्या तारेपासून तुटतं आणि जनरेटरला जोडलं जातं. दोन्हीकडे एकदम जोडलेलं कधीच नसतं. तसं झालं तर आपली वीज उलटी बाहेर जाईल आणि खांबावर काम करणारा वायरमन जीव गमावेल. म्हणून तो खटका सीलबंद असतो आणि सील तोडलं तर गॅसच बंद होतो. बाहेरची वीज आली की यंत्र काही मिनिटं तिची खात्री करून घेतं, घर परत तिच्याकडे देतं, इंजिन थोडा वेळ नुसतंच फिरवून थंड करतं आणि झोपतं. वीज गेल्यापासून खटका उलटेपर्यंत सगळं दहा सेकंदांत होतं. आमच्या खात्यात याच कामासाठी चौघांच्या सह्या लागायच्या.

आम्ही जे मॉडेल घेतलं त्याचं नाव 'कारभारी'. बसवायला तायडे नावाचा तंत्रज्ञ आला होता. बोलण्यात नम्र, आणि प्रत्येक वाक्याला 'काका' लावणारा.

"काका, हा पाच किलोवॅटचा आहे. तुमच्या घरात सात सर्किटं. गॅसचा दाब नीट असला की साती चालतील. दाब कमी झाला तर काही बंद करावी लागतील. कोणतं आधी बंद करायचं, तो क्रम तुम्ही ठरवायचा, नाहीतर कारभारी स्वतः शिकेल."

मी आजूबाजूला पाहिलं. आक्का हाताची घडी घालून उभी होती. हेमलता ताटात कलिंगड कापून तायडेंसाठी घेऊन आली होती. आयुष्यभर मी परक्या गावांचे क्रम लावले. स्वतःच्या घरात पहिला नंबर कोणाचा आणि सातवा कोणाचा, हे बहिणीसमोर आणि बायकोसमोर बोटानं दाबून सांगायची माझी छाती झाली नाही.

"शिकू द्या त्याला," मी म्हणालो. "यंत्र निःपक्षपाती असतं."

"कसं शिकतो रे भो हा?" आक्कानं तायडेंना विचारलं.

तायडेंनी सांगितलं ते असं. प्रत्येक उपकरण वीज ओढतं तेव्हा तारेत आपली खूण उमटवतं. जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं माणूस ओळखू येतं ना, तसं. फ्रीजची खूण वेगळी, एसीची वेगळी, दोन एसींची सुद्धा एकमेकांपासून वेगळी. त्यामुळे कोणती वस्तू कुठे लागली आहे हे कारभाऱ्याला कळतं. दुसरं, दर शनिवारी अकरा वाजता तो स्वतःची चाचणी घेतो. इंजिन दहा मिनिटं चालवतो, आणि त्याच वेळी एकेक सर्किट सहा सेकंद बंद करून पाहतो. खोल्यांत बसवलेल्या कानांनी ऐकतो, की कोण किती लवकर आणि किती जोरात ओरडलं. प्रत्येक सर्किटाला घरातला एकेक माणूस मालक म्हणून नेमलेला असतो. त्याचा आवाज आधी नोंदवून घेतात. मालकाला जेवढा त्रास, तेवढी त्या सर्किटाची गरज. शंभरपैकी आकडा.

"म्हणजे जो ओरडेल त्याला वीज?" हेमलतानं विचारलं.

"तसं नाही काकू. ज्याला गरज असेल त्याला."

"हां," हेमलता म्हणाली आणि रिकामं ताट आत घेऊन गेली.

आवाज नोंदवताना आक्कानं तिच्या खोलीसाठी चार मिनिटं दिली, त्यात तिच्या गुडघ्यांचा इतिहास आला. मी माझ्या अभ्यासिकेसाठी दोन वाक्यं बोललो. हेमलताचं सर्किट सातवं, अंगणापलीकडच्या मागच्या खोलीचं. तिथे ती म्हणाली, "माझं काय, कसंही चालेल."

कारभाऱ्यानं ते नोंदवून घेतलं.

आता मागच्या खोलीत काय होतं ते सांगितलं पाहिजे. हेमलता वीस वर्षं केळीची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. केळीच्या कोंबाचा मोहरीएवढा गाभा घ्यायचा, बाटलीतल्या जेलीवर लावायचा, आणि एकाची दहा, दहाची शंभर रोपं करायची. पुढे केळीवर मर रोग आला. मुळातून शिरणारी बुरशी. झाड उभ्याउभ्या वाळतं. दोन वर्षांत सावद्यापासून रावेरपर्यंतच्या बागा गेल्या, आणि प्रयोगशाळाही बंद झाली. सावद्याला हेमलताच्या भावाच्या बागेत बाराशे झाडं मेली आणि एक मेलं नाही. तिनं त्या झाडाच्या बुंध्याशी आलेला कोंब कापून आणला. पुढच्याच आठवड्यात आदेशाप्रमाणे ती सगळी बाग जाळली, त्या झाडासकट.

म्हणजे त्या झाडाचं जे काही जगात उरलं होतं, ते आमच्या मागच्या खोलीतल्या सहाशे चाळीस बाटल्यांत होतं. मे महिन्यातल्या एका सोमवारी संशोधन केंद्राची गाडी येऊन निम्म्या बाटल्या चाचणीला नेणार होती. रोग खरोखर टळतो का, ते तिथे कळणार होतं. तोवर खोली सव्वीस अंशांवर ठेवायची, एवढंच काम. छत्तीसच्या वर तासभर गेला, की रोपं तपकिरी पडतात, आणि तपकिरी पडलेलं रोप परत हिरवं होत नाही.

हे मला माहीत होतं का? होतं. तिनं सांगितलं होतं. हळू आवाजात सांगितलं होतं.

दर शनिवारी अकरा वाजता आमच्या घरात चाचणी व्हायची. आक्काचा एसी आणि टीव्ही बंद पडला की दुसऱ्या सेकंदाला माझ्या नावानं आरोळी यायची, "लीलू! मेली का रे तुही वीज?" माझ्या अभ्यासिकेत भिंतभर पडदा आहे, त्यावर मी राज्याच्या विजेच्या मागणीचा आलेख बघतो. बाकीचे निवृत्त लोक क्रिकेट बघतात तसा. तो पडदा काळा झाला की खुर्चीतून उठण्याआधीच मी "व्होल्टेज!" म्हणून ओरडायचो. तेहतीस वर्षांची सवय. मागच्या खोलीत हेमलता हातातला चिमटा खाली ठेवायची, सहापर्यंत आकडे मोजायची, दिवा आला की पुन्हा उचलायची.

पहिला महिना संपल्यावर कारभाऱ्यानं अहवाल पाठवला. नाश्त्याला पोहे खाता खाता मी मोठ्यानं वाचला.

"आक्काची खोली, गरज ब्याण्णव. अभ्यासिका, अठ्ठ्याऐंशी. फ्रीज, एकसष्ट. दिवाणखाना, मोटार, स्वयंपाकघर... आणि सातवी मागची खोली. गरज चार. शेरा : नगण्य." मी चष्म्यावरून हेमलताकडे पाहिलं. "शेवटचा नंबर लावलाय तुझा. पण साती चालतातच म्हणा रोज. चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. "मी बघते."

मी चपला घातल्या आणि पेपर आणायला गेलो. संध्याकाळी पाहिलं, तर तिनं मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गोणपाटं टांगली होती आणि त्यांवर पाणी मारत होती.

गाडी सोमवारी येणार होती, आणि त्याआधीच्या शुक्रवारी सगळं एकदम घडलं.

बाराला वीज गेली. दहा सेकंदांत कारभारी सुरू झाला. इथवर रोजच्यासारखंच. पण दोन वाजता इंजिनाचा आवाज जड झाला. मी पडद्यावर पाहिलं. गॅसचा दाब निम्म्यावर. त्याचं कारण साधं होतं, आणि तेहतीस वर्षं आकडेमोड केलेल्या माणसाला ते आधी सुचायला हवं होतं. केळी मेल्या, म्हणून खांब कमी, म्हणून गॅस कमी. शिवाय त्या दिवशी पारा पन्नासला, म्हणून सगळ्या शहराचे जनरेटर एकदम पूर्ण जोरात.

कारभाऱ्यानं क्रमानं एकेक सर्किट सोडायला सुरुवात केली. पहिलं सोडलं सातवं.

हेमलता अंगण ओलांडून आली. पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "मागे बंद झालंय. किती वेळ लागेल?"

"चारला येईल वीज."

"बरं." ती परत गेली.

चारला वीज यायची नव्हती. साडेतीनला मोबाइलवर निरोप आला, की वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल अजून तापलेलं आहे, पुरवठा सातच्या सुमारास. माझ्या जुन्या खात्याची भाषा मी ओळखतो. 'सुमारास' हा शब्द आम्ही फार विचार करून घालायचो. मी मागच्या खोलीत गेलो. दारावरचा तापमापक साडेतेहतीस दाखवत होता. आत अंधार होता, आणि हेमलता बाहेर भिंतीवरची गोणपाटं बदलत होती.

"अगं, बोलायचं नाही का?"

"बोलले ना मघाशी."

मग मी धावपळ केली. आधी कारभाऱ्याच्या पडद्यावर जाऊन क्रम बदलायला गेलो. पडद्यावर उत्तर आलं : 'पुरवठा खंडित असताना क्रम बदलता येत नाही. बदल पुढील चाचणीनंतर लागू होतील.' मग आक्काच्या खोलीपासून सगळी सर्किटं हातानं बंद केली, म्हणजे उरलेली वीज मागे जाईल. आक्का पदरानं वारा घेत बसली. पडद्यावर आलं : 'सर्व गरजा पूर्ण. गॅसची बचत केल्याबद्दल आभार.' आणि इंजिन मंद झालं. दाब कमी असताना नगण्य वर्गाला वीज द्यायचीच नाही, अशी गॅसवाल्यांची अट होती. मग आक्काची खोली पुन्हा चालू केली आणि तिथल्या बोर्डापासून लांब वायर काढून अंगणातून मागच्या एसीला जोडली. एसी अर्धं मिनिट चालला आणि बंद पडला. खूण ओळखली होती त्यानं. पावलांवरून.

"अगं हेमा, माझ्या खोलीत आण ना सगळ्या बाटल्या," आक्का दारातून म्हणाली. "माझा एसी चालतोय तो. मी बसते ओट्यावर."

"नाही हो आक्का. तापलेली बाटली थंड खोलीत नेली की झाकणाच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढते. मागची हवा गाळलेली आहे. तुमच्या खोलीतली नाही."

"माझ्या खोलीतल्या हवेला काय झालं?"

"लोणच्याच्या बरण्या आहेत, आक्का. बुरशी असते."

आक्काला हे पटलं नाही, पण ती वाद घालायला थांबली नाही, यावरून तिला प्रकरणाचं गांभीर्य कळलं होतं असं मी समजतो.

मी तायडेंना फोन लावला. आधी एका बाईचा गोड आवाज 'आपली गरज आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं तीनदा म्हणाला. मग तायडे आले.

"काका, क्रम आतून नाही बदलता येणार. पूर्वी यायचा. मग घराघरांत भाऊ-भाऊ दोन खोल्यांत बसून मोबाइलवर एकमेकांची वीज पळवायला लागले. एका घरात एका तासात चारशे वेळा खटका पडला आणि मशीन जळालं. म्हणून कंपनीनं कुलूप लावलं."

"मग करायचं काय? बाटल्या मरतील."

"एक वाट आहे. समजा घरात आजारी माणूस आहे आणि आधी कधी ओरडलाच नाही, तर त्याच्यासाठी म्हणून कान चालू असतात. सर्किटाचा मालक आत्ता बोलला, त्रास सांगितला, तर आकडा लगेच वाढतो. सत्तरच्या वर गेला की पहिला नंबर."

"बास? मी बोलतो."

"तुमचा आवाज अभ्यासिकेचा आहे, काका. काकूंनाच बोलावं लागेल. आणि मनापासून हं. लोक नाटक करायला लागले म्हणून आता आवाजातला कंप मोजतं ते. खोटं ओरडलेलं धरत नाही."

मी फोन ठेवला आणि आक्काकडे पाहिलं, आणि आक्कानं माझ्याकडे. हेमलता खरोखर तक्रार करते आहे, असं दृश्य आम्हा दोघांच्याही आठवणीत नव्हतं.

आम्ही तिला अंगणात, कारभाऱ्याच्या कपाटापुढे आणून उभं केलं. कपाटावर छोटा पडदा होता, आणि त्याखाली एक कानही. मागची खोली, गरज ४. तापमापक पस्तीस.

"बोल," मी म्हणालो.

तिनं पदर सारखा केला. "जरा... मागच्या खोलीला वीज मिळाली तर बरं होईल. म्हणजे बाकीच्यांची अडचण होत नसेल तर."

पडद्यावर आकडा बदलला. ३.

"अगं बाई!" आक्का ओरडली. "अशी मागतात का वीज? अरे ए मेल्या, दे ना तिला! पोरीच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरतंय आणि तुले काही लाज?"

आक्काच्या खोलीचा आकडा अठ्ठ्याण्णववर गेला. आतमध्ये तिचा एसी आणखी थंड झाल्याचा आवाज आला.

"आक्का, तू आत जा."

"मी नाही जात. मजा सोडून?"

मी हेमलताच्या समोर आलो. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. "हेमा, बाटल्यांबद्दल नको बोलूस. दुसऱ्या कशाबद्दल बोल. कशाचा तरी राग असेल ना? माझा असेल."

"तुमचा कशाला?"

"छत्तीस वर्षांत एकही गोष्ट नाही?"

ती कारभाऱ्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, मधल्या तुळशीच्या कुंडीकडे बघून म्हणाली, "तुम्ही स्वयंपाकघरातला दिवा बंद करता."

"म्हणजे?"

"मी आत असताना. पाणी प्यायला येता, पिता, आणि जाताना दिवा बंद करून जाता. मी तिथंच पोळ्या लाटत असते. छत्तीस वर्षं."

आकडा नऊ झाला.

"तू म्हणालीस का नाही कधी?"

"मी उठून परत लावते ना. पिठाच्या हातानं. ते बटण बघा एकदा, पांढरं झालंय." तिनं श्वास घेतला. "आणि बिबड्या. लग्नानंतर माझ्या आईनं डबा भरून बिबड्या पाठवल्या होत्या. ज्वारी शिजवून, पंधरा दिवस उन्हात बसून थापलेल्या. तुम्ही डबा ऑफिसात नेलात आणि आठवड्यानं रिकामा आणलात. म्हणालात, सगळ्यांना आवडल्या. मी एक पण खाल्ली नव्हती."

एकवीस.

"अन् हीच खोली. रिटायर झाल्यावर मागितली तर त्यात तुमचे जुने मीटर होते. बंद पडलेले. तीन वर्षं होते. मेलेल्या मीटरांना जागा होती, मला नव्हती." आवाज चढला नव्हता, पण खालून हलायला लागला होता. "प्रत्येक गोष्ट मला विचारता, हे खरं आहे. 'चालेल ना' म्हणता. पण तेव्हा तुमच्या पायांत चपला असतात! कधी चपला काढून विचारलंय? ज्याच्या पायात चपला आहेत त्याला काय सांगायचं माणसानं, नाही चालणार म्हणून?"

सत्तेचाळीस. आक्कानं तोंडाला पदर लावला होता.

"बंगळूरचं पत्र आलं होतं," हेमलता म्हणाली.

मला लगेच आठवलं नाही. मग आठवलं, आणि ते तिला दिसलं.

"प्रयोगशाळेचं. मला बोलावलं होतं त्यांनी. दोन वर्षांसाठी. मी पत्र तुमच्या टेबलावर ठेवलं, तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, 'बघू'. मी थांबले. मला वाटलं, बघताय. एक आठवडा, एक महिना. पत्र टेबलावरून कपाटात गेलं. अहो, नाही म्हणाला असतात तर मी भांडले तरी असते! एकोणतीस वर्षं झाली, मी अजून त्या 'बघू'वर थांबलेय!"

शेवटचं वाक्य तिनं ओरडूनच म्हटलं. शेजारच्या घराची खिडकी उघडली. आणि कपाटात खट्ट झालं, इंजिन जोरात फिरायला लागलं, आणि अंगणापलीकडे मागच्या खोलीच्या फटीतून पांढरा उजेड आला. पडद्यावर : मागची खोली, गरज ९४. क्रम १.

घरात आक्काचा एसी बंद पडला. माझा आलेखही गेला असणार.

"झालं!" मी म्हणालो. "आली वीज. हेमा, आली."

"थांबा," हेमलता म्हणाली. "माझं झालेलं नाही."

ती पुढे पाऊण तास बोलली. आक्कानं तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि स्वतःसाठी खुर्ची आणली. मी उभाच होतो. बसावं की नाही हे मला कळेना, आणि विचारायची सोय नव्हती. त्यातलं बरंचसं खरं होतं. एक-दोन गोष्टी मी केलेल्या नव्हत्या, पण त्या वेळी मी तसं म्हणालो नाही. मला सारखी ती गावं आठवत होती, ज्यांचे फोन कधी यायचे नाहीत. मी समजायचो, तिथं काही अडत नसेल.

वीज सातच्या सुमारास, म्हणजे नऊला, आली.

छताजवळच्या, सगळ्यांत तापलेल्या फळीवरच्या एकाहत्तर बाटल्या तपकिरी पडल्या. उरलेल्या हिरव्या राहिल्या. सोमवारी केंद्राची गाडी आली आणि तीनशे बाटल्या घेऊन गेली. सोबतच्या मुलीनं एका कागदावर हेमलताची सही घेतली. त्यावर रोपाच्या जातीच्या नावाची जागा रिकामी होती. "काय नाव लिहायचं, मॅडम?" हेमलतानं माझ्याकडे पाहिलं, मग पाहायचं थांबवलं, आणि आपल्या आईचं नाव लिहिलं.

रोपं रोगाला पुरून उरतात का, ते कळायला दीड वर्ष आहे.

त्याच आठवड्यात तायडे आले. म्हणाले, "काका, असल्या भानगडी नकोत तर मी हातानं क्रम लावून देतो. मागची खोली कायमची एक नंबर. मग शिकणं बंद, कान बंद. कोणाला ओरडायला नको."

मी पायांतल्या चपला काढल्या. मग हेमलताला विचारलं, "काय करायचं?"

ती गोणपाटाची घडी घालत होती. तिनं घडी पुरी केली.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली. "शिकतंय ते, तर शिकू दे. तुम्ही फक्त शनिवारी अकरा वाजता घरी असा."

तेव्हापासून दर शनिवारी अकराला कारभारी चाचणी घेतो. सहा सेकंदांसाठी मागच्या खोलीतला दिवा जातो आणि हेमलता बाहेर अंगणात येते. दिवा सहा सेकंदांनी परत येतो. ती साधारण पाऊण तासानं आत जाते. आक्का टीव्ही बंद करून ओट्यावर येऊन बसते, त्यामुळे तिच्या खोलीची गरज आता एकाहत्तरवर उतरली आहे.

मी अनवाणी उभा असतो. फरशी तापलेली असते, पण ते मी अजून कोणाला बोललो नाही.